तीन मेंढ्या, एक कोकरू आणि एकशेतीस दिवस

गेल्या आठवड्यात फलटणकडच्या एका पाहुण्याचा सकाळी सकाळी फोन आला. रात्री लांडग्यानं दोन बकरी मारली, आता काय करू? मी पहिलं विचारलं, "कान शाबूत आहेत का?" तो गप्पच झाला. मी चेष्टा करतोय असं वाटलं असणार त्याला.

सरकारी भरपाई कशी मिळवायची हे त्याला अर्धा तास फोनवर जे सांगितलं, तेच इथं सविस्तर लिहून ठेवतोय. आमच्या तात्यांच्या मेंढ्या गेल्या तेव्हा मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. जे कळलं ते चुका करत करत कळलं.

आमचं गाव माण तालुक्यातलं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढपाळ बिऱ्हाडांचा तांडा, मेंढ्या घेऊन बाहेर पडतो आणि पाऊस लागला की परत येतो. तीन बिऱ्हाडं, दोन घोडी, चार कुत्री, आणि तात्यांच्या एकट्याच्या सव्वाशे-दीडशे मेंढ्या. मी आयटीआय करून चाकणला एका कंपनीत लागलो, त्यामुळे मेंढ्यांशी माझा संबंध सुट्टीपुरता. पण घरात इंग्रजी फॉर्म वाचणारा मी एकटा, म्हणून हे प्रकरण माझ्या गळ्यात आलं.

२९ डिसेंबर २०२४, रविवार. दुसऱ्या दिवशी सोमवती अमावास्या, म्हणजे रात्र मिट्ट काळोखाची. वाडा तेव्हा पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात, बाजरी निघालेल्या एका रानात बसला होता. तालुका मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ऑफिसांबद्दल चार गोष्टी येणार आहेत.

पहाटे साडेतीनच्या सुमाराला कुत्री ओढ्याच्या अंगाला भुंकत पळाली. तात्यांचं म्हणणं असं की एक लांडगा मुद्दाम समोर येऊन कुत्र्यांना ओढून नेतो आणि जोडीदार मागच्या बाजूनं शिरतो. वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवती खुंट्यांवर ताणलेली जाळी, एका कोपऱ्यात सैल पडली होती. वाड्यातल्याच नानींच्या मते तो कोपरा तात्यांनी बांधला होता, तात्यांच्या मते धाकट्या पोरानं. हा वाद अजून मिटलेला नाही.

लांडगा आला तर मेंढ्या ओरडतील असं बाहेरच्या माणसाला वाटतं. मेंढी ओरडत नाही. तात्यांनी बॅटरी मारली तेव्हा दोन मेंढ्या आडव्या पडल्या होत्या, तिसरी पाय झाडत होती आणि बाकीचा सगळा कळप एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून उभा होता. तीन आठवड्यांचं एक कोकरू नव्हतंच. बाकीची कोकरं डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, झाकलेली होती, हे एक त्या रात्री आईपाशी राहिलं होतं.

चार वाजता मला फोन आला. मी सेकंड शिफ्ट करून नुकताच झोपलो होतो. मला एवढंच सुचलं, "काही हलवू नका, फोटो काढा." पण तोवर नानींनी दोन मेंढ्या ओढून बाभळीखाली नेल्या होत्या, कुत्र्यांनी तोंड लावू नये म्हणून. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्यावर वेळ आली तर जनावर जिथं पडलं तिथंच राहू द्या आणि त्याच्याजवळ माणूस बसवा. आमच्या पंचनाम्यात "मृत मेंढ्या मूळ जागेवरून अंदाजे तीस फूट हलवलेल्या आढळल्या" असं वाक्य आलं आणि पुढच्या प्रत्येक टेबलावर त्याचा खुलासा द्यावा लागला.

पाच वाजता मोटारसायकलवर निघालो. सहाच्या सुमाराला एका चहाच्या टपरीवर थांबून वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून ठिकाण, गाव, किती जनावरं हे विचारून नोंद घेतली. नियम असा आहे की घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवायचं. फोन झाला म्हणून थांबू नका, लेखी अर्जही त्याच मुदतीत द्या आणि त्याची पोच घ्या. फोनची नोंद कुणाच्या लक्षात राहत नाही, शिक्क्याची राहते.

साडेआठला पोचलो तर वाघरीच्या बाहेर मऊ मातीत एक घमेलं पालथं घातलेलं दिसलं. तात्यांनी त्याखाली पायाचा ठसा झाकून ठेवला होता. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. मी ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढला, म्हणजे मोजमापाचा अंदाज येतो.

वनरक्षक साडेअकराला आले. माणूस चांगला होता, पण सुरुवातच गमतीची झाली. तात्या म्हणाले, "तीन बकरी गेली सायेब," आणि त्यांनी लिहिलं, मृत शेळ्या : ३. आमच्यात मेंढीला बकरीच म्हणतात. सरकारी कागदावर बकरी म्हणजे शेळी. भरपाईचा दर दोघींचा एकच, पण पुढे डॉक्टरांच्या दाखल्यावर मेंढी आणि पंचनाम्यात शेळी असं झालं असतं तर फाईल तिथंच अडकली असती. ऑफिसात गेलात की मेंढीच म्हणा.

त्यांनी आधी विचारलं की रान मालकीचं की वन विभागाचं. मालकीचं निघालं म्हणून सुटलो. अभयारण्यात विनापरवाना चारताना जनावर गेलं तर मागायला तोंड राहत नाही. मग ते खाली बसले आणि त्यांनी गळ्याच्या आधी मेंढ्यांचे कान पाहिले. मला तेव्हा कळेना. १ जून २०२४ पासून राज्यात नियम आहे की जनावराच्या कानात बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्ला नसेल तर वन्यप्राण्यानं मारल्याची भरपाई देय नाही. तात्यांनी ऑगस्टमध्ये गावी असताना शिबिरात सगळ्या मोठ्या मेंढ्यांना बिल्ले मारून घेतले होते, तेही डॉक्टरांच्या आग्रहाखातर. कोकरांना नव्हते.

दोन मेंढ्यांचे बिल्ले जागेवर होते. तिसरीचा डावा कान मुळापासून तुटलेला. बिल्ला कानाबरोबर गेला.

आम्ही सहा माणसं दोन तास त्या रानात पिवळा बिल्ला शोधत होतो. बांधावर कुसळीचं वाळकं गवत, पायजम्यात कुसळं घुसलेली, आणि प्रत्येक पिवळं पान बिल्ला वाटतंय. गुटख्याच्या पुड्या किती सापडल्या ते सांगत नाही. कोकराला जिथून ओढत नेलं तिथं लोकरीचे पुंजके मिळाले, ओढ्यापर्यंत चार-पाच ठिकाणी रक्ताचे ठिपके मिळाले. बिल्ला नाही मिळाला.

लांडगा की मोकाट कुत्री, हा दुसरा प्रश्न. भरपाईच्या यादीत वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा असे प्राणी आहेत, कुत्रा नाही. कागदावर "कुत्रे" आलं की विषय संपला. वनरक्षकांनी मला ठसे दाखवले. कुत्र्याचा ठसा गोलसर, बोटं फाकलेली, आणि चाल इकडून तिकडे भरकटणारी. लांडग्याचा ठसा लांबट, मधली दोन बोटं पुढे आलेली, आणि ठसे दोरीनं आखल्यासारखे एका रेषेत, कारण त्याला कुठं जायचं ते ठाऊक असतं. कुत्र्यांनी हल्ला केला तर मागचे पाय, शेपटी, कान असे सगळीकडे चावे मिळतात आणि खाल्लेलं फारसं नसतं. आमच्यात एकीचा कान तुटला होता खरा, पण तिघींच्या गळ्याला खोल दात लागलेले होते आणि एकीचा मांडीकडचा भाग खाल्लेला होता. त्यांनी फोनवर जागेचं जीपीएस घेतलं, दोन पंचांच्या सह्या घेतल्या. पंच स्थानिक असावे लागतात. रानमालक आणि त्यांचा शेजारी उभे राहिले. वाड्यातल्या माणसांच्या सह्या चालल्या नाहीत.

आता डॉक्टर. शवविच्छेदन आणि किमतीचा दाखला पशुधन विकास अधिकारीच देऊ शकतात. त्यांच्याकडे तीन दवाखान्यांचा चार्ज होता. सोमवारी येणं जमलं नाही, "उद्या दहाला येतो, तोवर पुरू नका" असा निरोप आला.

म्हणजे ती रात्र मेलेल्या मेंढ्यांजवळ बसून काढायची. शेकोटी केली, घोंगडी पांघरली. मेंढ्या फुगायला लागल्या होत्या. नऊच्या सुमाराला शेजारच्या वस्तीवरचा एक जण येऊन बसला आणि हळूच म्हणाला, एका मेंढीत कीटकनाशक भरून ओढ्याला टाका, पुन्हा कटकट नको. मी कायदा सांगायच्या तयारीत होतो. लांडगा वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा किमान तीन वर्षांची. पण तात्याच बोलले, "आरं, लांडगं मराय आदी माजीच कुत्री मरत्याली. आन् त्यो परत आला न्हाई तर मला बी करमायचं न्हाई." दुसऱ्या वाक्यावर तो माणूस हसला. तात्या हसले नाहीत. आमची आजी मेंढ्या मोजताना दरवर्षी दोन-तीन लांडग्याच्या नावच्या म्हणून बाजूला धरायची. तात्यांनाही ते हिशेबात असतं, फक्त एका रात्रीत तीन गेल्यानं त्यांचा हिशेब बिघडला होता.

रात्री दोनला ओढ्यापलीकडून लांब हेल काढल्यासारखा आवाज आला, मग दुसरा. कुत्री उठून उभी राहिली पण गेली नाहीत. खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही, थंडीच जास्त वाजत होती.

मंगळवारी, ३१ तारखेला, डॉक्टर साडेदहाला आले आणि त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर गळ्याची कातडी सोलून बाजूला केली. वरून फक्त चार भोकं दिसत होती. आत तळहाताएवढा काळपट-लाल साकळलेला पट्टा. ते म्हणाले, "मेल्यानंतर कुणी फाडलं असतं तर इथं रक्त साकळलं नसतं. ही जिवंत असताना धरलेली आहे." त्याचे फोटो मी चारही बाजूंनी घेतले आणि पुढे तेच सगळ्यात कामाला आले. दाखल्यावर त्यांनी आधी "हिंस्र श्वापदाच्या हल्ल्यात" असं लिहिलं. वनरक्षकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी हात जोडून म्हटलं, साहेब, लांडगा असं नाव घाला. त्यांनी ठसे पाहिले, फोटो पाहिले आणि घातलं. तिथल्या तिथं वाचून घ्या. नंतर दुरुस्तीला गेलो असतो तर तीन दवाखाने हिंडलो असतो.

किमतीचं गणित असं. मेंढी किंवा शेळी मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. २०२२ च्या आधी ही मर्यादा १०,००० होती. डॉक्टरांनी दोघींची किंमत बारा-बारा हजार धरली आणि गाभण होती तिची चौदा. तात्यांना सोळा हजारांच्या खाली एकही मान्य नव्हती, पण मालकाला सोळाची वाटणारी मेंढी बाजारात बाराला जाते हे त्यांनाही ठाऊक आहे. मागच्या विक्रीची बाजार समितीची पावती जवळ असेल तर दाखवा, भाव धरताना उपयोग होतो. आमच्याकडे तेव्हा नव्हती. ती पावती पुढे भलत्याच कामाला लागली.

दुपारी खड्डा खणून मेंढ्या पुरल्या आणि चार वाजता मी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दिला. सोबत आधार, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, फोटोंच्या दोन प्रती, दाखला, आणि इतर कुठूनही या नुकसानीचे पैसे घेतले नाहीत असं साध्या कागदावरचं हमीपत्र. लिपिकांनी सातबारा मागितला. म्हटलं, मेंढपाळाला सातबारा कुठून? पिकाच्या नुकसानीला सातबारा लागतो, जनावराला मालकी दाखवायची ती बिल्ल्यानं. दहा मिनिटं वादावादी झाली, शेवटी तात्यांच्या गावचा रहिवासी दाखला चालेल असं ठरलं. कोकराचं नाव अर्जात घातलं होतं. त्यावर त्यांनी पेनानं तिरकी रेघ मारली. मृतदेह नाही, बिल्ला नाही, दाखला नाही.

वाईट वाटलं, पण त्याहून जास्त एक गोष्ट डोक्यात बसली. लांडग्याचं वजन जेमतेम वीस किलोच्या आसपास. मोठी मेंढी त्याला उचलून नेता येत नाही, कोकरू नेता येतं. डिसेंबर-जानेवारीत त्याची पिल्लं गुहेत असतात, तेव्हा तो उचलून नेता येईल तेच आधी बघतो. म्हणजे सगळ्यात जास्त जे जातं, त्याचा पंचनामा कधीच होत नाही. तात्यांना विचारलं, आजवर किती कोकरं गेली? ते म्हणाले, "ती कोण मोजतंय?"

९ जानेवारीला फोन आला. दोन मेंढ्यांचं प्रकरण पुढे जाईल, तिसरीला बिल्ला क्रमांक नाही म्हणून वगळावी लागेल. गाभण होती ती हीच. मी विचारलं, मेंढी तात्यांच्याच नोंदीतली होती हे दुसऱ्या मार्गानं दाखवलं तर? पलीकडून उत्तर आलं, "दाखवा, बघू."

'भारत पशुधन' या ॲपवर प्रत्येक मालकाच्या नावावर त्याच्या जनावरांचे बिल्ले चढवलेले असतात. गावाकडच्या दवाखान्यातून यादी मिळाली, १४२ नंबर. आता जिवंत मेंढ्यांचे सगळे नंबर वाचून यादीतून खोडायचे आणि जो उरेल तो तिसरीचा. सांगायला सोपं आहे.

१२ जानेवारी, रविवार. वाडा तोवर साठ किलोमीटर पुढे गेलेला. सकाळी सात ते दुपारी साडेबारा आम्ही कान वाचले. धाकट्यानं मेंढी धरायची, मी कान वळवायचा, बिल्ल्यावरचा चिखल थुंकी लावून पुसायचा, बारा आकडे मोठ्यानं म्हणायचे आणि नानींच्या नातीनं यादीत खूण करायची. सुरुवातीचे आकडे सगळ्यांचे जवळपास सारखेच, फरक शेवटच्या चारांत. पन्नासाव्या मेंढीनंतर मी तीनला आठ म्हणायला लागलो. वाचलेल्या मेंढीला खूण करायची हे सुचलं नाही, म्हणून काही दोनदा वाचल्या. मग नानींनी कपाळाला गेरू लावायला घेतला. हे पहिल्या मेंढीपासून करा. तात्या लांब बसून विडी ओढत होते आणि दर अर्ध्या तासानं म्हणत होते, "काळतोंडी गेली. म्या पयल्या दिशीच सांगितलं न्हवं? काळतोंडी लिवा की." त्यांना सगळ्या मेंढ्या चेहऱ्यानं ओळखू येतात. काळतोंडीची आई कोण, तिची पोर कोणती, हेही. पण काळतोंडी हे बारा आकडी नाही.

मोजणी संपली तेव्हा १३८ मिळाल्या. यादीतले चार नंबर उरले. दोन तर पंचनाम्यात होतेच. उरलेल्या दोनपैकी काळतोंडी कोणती? सप्टेंबरमध्ये तात्यांनी एक मेंढी बाजारात विकली होती आणि तिची नोंद यादीतून काढायची राहिली होती. गावी आईला फोन केला. तिनं ट्रंक उपसून बाजार समितीची पावती शोधली, पावतीवर बिल्ला नंबर नव्हता, पण खरेदीदाराचा फोन होता. तो भला माणूस म्हणायचा. त्यानं मेंढीच्या कानाचा फोटो पाठवला. संध्याकाळी सातला आमच्याकडे एक नंबर उरला.

१३ तारखेला यादी, पावती, फोटो आणि खुलाशाचा अर्ज दिला. वनपालांनी सगळं उलटून पाहिलं आणि म्हणाले, "एवढं कुणी करत नाही." तुटल्या कानाचा फोटो मात्र त्यांनी आवर्जून मागून घेतला. तो नसता तर बिल्ला आधीच पडला होता की हल्ल्यात गेला, हे कळलं नसतं. म्हणून सांगतो, कान असो नसो, फोटो काढा.

त्यानंतर काही नाही. संक्रांत गेली, फेब्रुवारी गेला. मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा फाईल सहायक वनसंरक्षकांकडे होती. दुसऱ्यांदा, ४ मार्चला, "मार्च एण्ड आहे, अनुदान आलं की बघू." प्रत्येक खेपेला बिनपगारी रजा. १७ मार्चला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. भांडायला नाही, फाईल कोणत्या टेबलावर आहे एवढंच विचारलं. ११ एप्रिलला उत्तर आलं. मंजुरी झालेली होती, पैसे गेलेही होते आणि परत आले होते. तात्यांची बँक काही वर्षांपूर्वी दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पासबुक जुनंच, त्यामुळे आयएफएससी कोड जुना. हे कुणी फोन करून सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी गेलो असतो. असो. १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, १५ ला नवं पासबुक छापून घेतलं आणि १६ ला दिलं. तुम्ही अर्ज कराल त्याच्या आधी पासबुक नवीन छापून घ्या.

या सगळ्यात एक माणूस वेगळंच भेटलं. त्या भागात लांडग्यांवर काम करणारी एक संशोधक मुलगी. वन विभागाच्या परवानगीनं तिनं ओढ्यात कॅमेरे लावले होते. गुडघ्याएवढ्या उंचीवर झाडाला बांधलेली खोकी, समोरून काही उबदार हललं की फोटो निघतो. तिच्या कार्डात हजारो फोटो आणि त्यातले बहुतेक शेळ्यांचे, कुत्र्यांचे आणि माणसांच्या पायांचे. लांडग्याची विष्ठा वाळवून त्यातले केस ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, कोणतं जनावर खाल्लं ते कळतं म्हणे. तिच्याकडून कळलं की २०२२ च्या एका अभ्यासात देशातले लांडगे ३,१०० च्या आसपास धरले आहेत, म्हणजे वाघांपेक्षा कमी. आणि त्यातले पुष्कळसे आमच्या ह्याच माळावर राहतात, कुठल्या अभयारण्याच्या कुंपणात नाही. सरकारी कागदात हा माळ पडीक. तिची जास्त काळजी मात्र कुत्र्यांची होती. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झालेला आढळलाय, शिवाय कुत्र्यांचे रोग लांडग्यांना लागतात. तात्यांच्या चारही कुत्र्यांना तिच्या सांगण्यावरून लसी दिल्या. तात्यांची तक्रार एवढीच की लस घेतल्यावर कुत्री दोन दिवस झोपून होती आणि वाड्याची राखण नानींनी केली.

मार्चमध्ये तिनं मला ३० डिसेंबरच्या पहाटेचा एक फोटो दाखवला. वेळ ४.०६. काळा-पांढरा, धूसर. लांडगा कॅमेऱ्याच्या डावीकडून चाललाय, मान खाली, तोंडात काहीतरी पांढरट. मी तो ऑफिसात दाखवला. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, तोंडात काय आहे ते सांगता येत नाही. तात्यांना दाखवला तर त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "आपलंच हाय," म्हणाले, आणि मग, "बारीक झालाय रं ह्यो."

९ मे २०२५ ला तात्यांच्या खात्यात २८,५०० रुपये जमा झाले. नऊ, नऊ आणि साडेदहा हजार. माझा खर्च लिहून ठेवला होता : पेट्रोल ३,९००, झेरॉक्स आणि फोटो ४१०, पाच बिनपगारी रजा ३,७५०. म्हणजे आठ हजारांच्या वर गेले. ज्याच्या घरात चाकणला राहणारा पुतण्या नाही, त्यानं हे कसं करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. वाडा दर दोन-तीन दिवसांनी हलतो, घटना एका तालुक्यात, बिल्ल्याची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात, बँक गावात. निदान घटनेच्या जागचं गाव, गट नंबर आणि वनरक्षकांचा फोन एका कागदावर लिहून तो कागद पासबुकात ठेवा, कारण महिन्याभरानं कुणालाच ते रान आठवत नाही.

ह्या दिवाळीनंतर वाडा निघायच्या आधी आम्ही वही केली. वाघरीला वरून अजून एक पदर लावला, डालगी दोन वाढवली आणि वहीत सगळे बिल्ले उतरवून काढले. ह्या वेळी मी आकडे वाचत होतो आणि तात्या शेजारी उकिडवे बसून होते. प्रत्येक नंबरापुढे ते नाव सांगायचे आणि मी लिहायचो. शिंगमोडी. लंगडीची थोरली. एका नंबराशी ते जरा थांबले, मेंढीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाले, "ही काळतोंडीची पोर. लिव."